सटवाईचा लेख आणि माणसाची लेखणी

बाळ जन्मून सहावा दिवस उजाडला म्हणजे आपल्यापैकी अनेक घरांतून अजूनही सटवाईची पूजा मांडली जाते. पाटा-वरवंटा धुऊन त्यावर हळदकुंकू वाहतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, आणि पूजेपाशी कोरा कागद व लेखणी ठेवण्यास घरातील वडीलधारी स्त्री विसरत नाही. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या भाळी त्याचे आयुष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. ते लिखित कोणास वाचता येत नाही, आणि वाचता आले तरी पुसता येत नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ह्या समजुतीने दुःखात सापडलेल्या असंख्य माणसांना धीर दिला आहे. आणि खरे सांगावयाचे तर, हात हलविण्याची वेळ आली असताना कित्येकांचे हात तिने बांधूनही ठेवले आहेत.

आज असा काळ आला आहे की, भाळीचे नव्हे, परंतु देहाच्या पेशीपेशीत असलेले एक लिखित माणसाला वाचता येऊ लागले आहे. इतकेच नव्हे, तर त्यातील एखादे अक्षर खोडून तेथे दुसरे लिहिताही येऊ लागले आहे. रक्तातील रोगप्रतिकारक पेशी देहाबाहेर काढावयाच्या, त्यांच्यातील लिखितात नेमका बदल करावयाचा, आणि त्या रुग्णाच्या शरीरात सोडून त्यांच्याकडून रोगाचा नाश करवावयाचा, असा हा उपचार आहे. ह्या विद्येस जनुक-संपादन म्हणतात. मध्यंतरी आरती आटोपल्यावर सभामंडपात बसलेल्या मंडळींत ह्याविषयी बोलणे निघाले, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "जे आपण लिहिले नाही, ते खोडण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?" कोणी हसले, कोणी मान डोलावली, उत्तर मात्र कोणी दिले नाही.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे आणि वैद्यही नव्हे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुढे गेलेले नाही. तथापि हा प्रश्न जितका प्रयोगशाळेचा आहे तितकाच आपल्या माजघराचाही आहे, कारण आजारी पडणारे मूल माजघरातलेच असते. म्हणून वाचून आणि जाणत्यांस विचारून जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे, आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचा सर्वांनी मिळून विचार करावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मनुष्याच्या पेशीत डीएनए नावाच्या द्रव्याचा अतिसूक्ष्म धागा असतो. केवळ चार अक्षरांनी लिहिलेला हा मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा भरतो. त्यातील अर्थपूर्ण परिच्छेदांस जनुके म्हणतात. प्रथिने घडविण्याच्या आज्ञा देणारी अशी सुमारे २०,००० जनुके माणसात आहेत. एका पेशीच्या दोन पेशी होताना हा सारा मजकूर नकलून काढला जातो. नकलनवीस कितीही दक्ष असला तरी कोठेतरी चूक होतेच. पुष्कळशा चुका निरुपद्रवी असतात. परंतु काही चुका साचत गेल्या म्हणजे एखादी पेशी थांबण्याचे विसरते आणि वाढतच सुटते. कर्करोग म्हणतात तो हाच.

देहाच्या रक्षणासाठी रक्तात पांढऱ्या पेशी असतात, आणि त्यांत 'टी' पेशी नावाचा एक वर्ग आहे. पूर्वी गावोगाव रात्री जागल्या फिरत असे. गावकरी कोण आणि परका कोण हे तो चालीवरून ओळखी. 'टी' पेशीचे काम तसेच आहे. तिच्या पृष्ठभागावर ओळख पटविणारी एक रचना असते. विषाणूने बिघडविलेली पेशी तिच्या साहाय्याने हुडकून ती मारून टाकते. ह्या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत त्यांची परीक्षा होते. स्वकीयांवरच धावून जाणाऱ्या बहुतेक पेशी तेथेच बाद केल्या जातात. रक्षकाच्या हाती शस्त्र देण्यापूर्वी त्याला आपपर कळते की नाही हे निसर्ग पाहून घेतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिचा उपयोग होईल.

आता ज्या लेखणीने हे लिखित बदलतात ती कोठून आली ते पाहू. ती माणसाने शून्यातून घडविली नाही. स्पेन देशातील आलिकांते येथील फ्रान्सिस्को मोहिका हे संशोधक मिठागरांच्या खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करीत होते. त्या जीवांच्या डीएनएत एक मजकूर ठराविक अंतराने पुनःपुन्हा आलेला त्यांना आढळला. त्या पुनरुक्तीच्या मधल्या जागांत शत्रू विषाणूंच्या मजकुराचे तुकडे जपून ठेवलेले असतात, हे पुढे उघड झाले. २००७ साली डॅनिस्को ह्या कंपनीतील शास्त्रज्ञांनी दह्याच्या विरजणातील जंतूंवर प्रयोग करून दाखविले की, हे तुकडे म्हणजे त्या जंतूंची रोगप्रतिकारशक्तीच होय. एकदा येऊन गेलेल्या शत्रूची नोंद जंतू ठेवतो, आणि तो शत्रू पुन्हा आला की नोंद पडताळून त्याचा धागा कापून टाकतो. ज्या विरजणाचा चमचाभर आपण रोज रात्री कोमट दुधात कालवतो, त्याच जातीच्या जंतूंकडून माणूस ही विद्या शिकला. २०१२ साली जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पांतिए ह्या दोन विदुषींनी हे कापण्याचे साधन आपल्या इच्छेनुसार कोणत्याही ठिकाणी नेता येते असे सिद्ध केले. त्याला 'क्रिस्पर' असे नाव आहे. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघींना मिळाले. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड लिऊ ह्यांनी २०१६ मध्ये धागा पुरता न तोडताच एखादे अक्षर बदलण्याची युक्ती काढली.

हे साधन हाती आल्यावर संशोधकांनी त्याचा उपयोग वाचण्यासाठीही केला, हे सांगणे अगत्याचे आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील अलेक्झांडर मार्सन ह्यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये माणसाच्या 'टी' पेशी घेऊन त्यांच्यातील हजारो जनुके एकेक करून बंद केली. कोणत्याही एका पेशीत एकच जनुक बंद, दुसरीत दुसरे, तिसरीत तिसरे. मग कोणती पेशी जोमाने वाढते आणि कोणती थिजते ते पाहिले. घरातील एकेक दिवा मालवून कोणत्या बटणाने कोणता दिवा जातो हे हुडकावे, तसा हा प्रकार. ह्यातून असे दिसले की 'टी' पेशीत जशी तिला पुढे ढकलणारी जनुके आहेत, तशी तिला आवरून धरणारीही पुष्कळ आहेत. असा एक लगाम जपानमधील तासुकु होन्जो ह्यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्येच हुडकला होता. कर्करोगाच्या पेशी तोच लगाम खेचून रक्षकाला निष्प्रभ करतात असे पुढे आढळले, आणि ह्या कार्याबद्दल २०१८ मध्ये होन्जो ह्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

लगाम आहे असे कळले की तो तोडून टाकावा असा मोह होतो. परंतु लगाम निरर्थक नसतो. 'टी' पेशींचा आपपरभाव सुटला तर काय होते ते आपण आपल्या वस्तीतही पाहतो. लहान मुलांना होणाऱ्या एका प्रकारच्या मधुमेहात देहाच्या रक्षकपेशीच इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा संहार करतात, आणि त्या निरपराध मुलाला जन्मभर सुई टोचून घ्यावी लागते. म्हणजे रक्षकाचे दुबळेपण हा जसा रोग, तसा रक्षकाचा अनावरपणा हाही रोगच. शक्ती आणि मर्यादा ही जोडी तुटली की अनर्थ होतो, हे पेशीच्या पातळीवरही खरे आहे.

ह्या विद्येचा उपचार म्हणून कसा उपयोग झाला, त्याचे एकच उदाहरण सविस्तर सांगतो. इंग्लंडातील लेस्टर येथील एका तेरा वर्षांच्या मुलीला २०२१ मध्ये रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तिचा रोग 'टी' पेशींचाच होता. म्हणजे ज्यांनी राखण करावयाची त्याच पेशी बेफाम झाल्या होत्या. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात, तसा प्रकार. केमोथेरपी झाली, अस्थिमज्जेचे रोपण झाले, तरीही रोग उलटला. आता करण्यासारखे काही उरले नाही, शेवटचे दिवस वेदनेवाचून जावेत एवढेच पाहावे, अशी वेळ आली. तेव्हा लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट ह्या मुलांच्या इस्पितळातील डॉक्टरांनी, प्राध्यापक वसीम कासिम ह्यांच्या पथकाने तयार केलेला एक नवा उपचार तिच्यापुढे ठेवला. तोपर्यंत तो कोणाही माणसावर झालेला नव्हता.

एका निरोगी, अनोळखी दात्याने दिलेल्या 'टी' पेशी घेऊन त्यांत चार बदल करण्यात आले. दात्याच्या पेशी मुलीच्या देहाला परका समजून त्यावर तुटून पडतील, म्हणून त्यांची मूळची ओळखयंत्रणा काढून टाकली. हा पहिला बदल. रोगी 'टी' पेशींवर 'सीडी ७' नावाची एक खूण असते. तीच खूण पाहून मारा करावयाचा होता. पण तीच खूण निरोगी 'टी' पेशींवरही असल्यामुळे ह्या रक्षकपेशी एकमेकींनाच मारू लागल्या असत्या आणि रुग्णाच्या देहात पोचण्यापूर्वीच यादवी माजून सर्व संपल्या असत्या. म्हणून त्यांच्या अंगावरील ती खूण पुसली, हा दुसरा. मुलीला जे तीव्र औषध द्यावयाचे होते त्याने ह्या पेशी मरू नयेत म्हणून आणखी एक खूण पुसली; हा तिसरा. आणि शेवटी 'सीडी ७' ओळखून मारणारे नवे शस्त्र त्यांना दिले, हा चौथा. वाचकांच्या ध्यानात येईल की, चार बदलांपैकी शस्त्र देणारा बदल एकच आहे. बाकीचे तिन्ही काहीतरी पुसण्याचे आहेत, आणि त्यांपैकी दोन तर परक्या घरी जाऊन घरधन्याला आणि सोबत्यांना इजा होऊ नये एवढ्याचसाठी आहेत.

२०२२ च्या मे महिन्यात ह्या पेशी तिच्या शरीरात सोडल्या. २८ दिवसांच्या आत रोगाचा मागमूस सापडेनासा झाला. मग तिच्यावर अस्थिमज्जेचे रोपण पुन्हा करण्यात आले, आणि ती घरी गेली. तिच्यासंबंधी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. उपचारास होकार देताना तिचा विचार असा होता की, आपण बरे होऊ किंवा न होऊ, पण आपल्यामुळे डॉक्टरांना काहीतरी कळेल आणि पुढच्या मुलांना त्याचा उपयोग होईल. तेरा वर्षांच्या मुलीने मृत्यूच्या उंबरठ्यावर हा विचार करावा, ह्याहून अधिक आम्ही काय सांगणार?

येथेच लेख संपविला तर ती एक गोड गोष्ट होईल. परंतु अर्धे सत्य सांगितल्याचा दोष आमच्यावर येईल. २०२३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याच पेशींचा उपचार आणखी दोन मुलांवर केल्याची हकीकत होती. त्यांपैकी एकाचा रोग मागे हटून रोपण होऊ शकले. दुसरे मूल मात्र उपचारकाळात झालेल्या बुरशीच्या संसर्गाने दगावले. त्यानंतर आणखी काही मुलांवर व प्रौढांवर हा उपचार झाला. निम्म्याहून अधिक रुग्ण रोगमुक्त राहिले, आणि काहींच्या वाट्याला ते आले नाही. त्या दगावलेल्या मुलाच्या आईवडिलांपुढे उभे राहून जे बोलता येईल तेच बोलावे, अशी आम्ही स्वतःस अट घातली आहे. म्हणून आता मूळ प्रश्नाकडे वळू.

जे आपण लिहिले नाही ते खोडण्याचा अधिकार आपणास आहे काय? ह्या प्रश्नात एक गृहीत धरलेली गोष्ट अशी की, रोग हाही त्या मूळ लेखाचाच भाग आहे. वर सांगितल्याप्रमाणे कर्करोग हा बहुधा जन्मानंतर नकलताना झालेल्या चुकांचा परिणाम असतो. पोथीची नक्कल करताना लेखकाकडून ओळ गळाली, आणि पुढे कोणा जाणत्याने ती समासात दुरुस्त केली, तर त्याने मूळ ग्रंथकाराचा अपमान केला असे आपण म्हणत नाही. पण ह्यावरही कोणी म्हणेल की, येथे केवळ चूक दुरुस्त केलेली नाही. निरोगी पेशीतील चांगले अक्षर मुद्दाम बदलले आहे. हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येत नाही. त्याला उत्तर इतिहासात शोधावे लागते.

१७९६ साली एडवर्ड जेन्नर ह्यांनी गाईच्या देवीची लस एका माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलास टोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले लसीकरण. तिच्या हातावर आलेल्या फोडातून पुढे इतर मुलांना लस मिळाली. गुराच्या रोगाचे द्रव्य माणसाच्या रक्तात घालणे हा सृष्टिक्रमाशी खेळ आहे, असा ओरडा तेव्हा विलायतेतही झाला आणि आपल्याकडेही झाला. निरोगी देहात मुद्दाम काही घालून त्याच्या रक्षकपेशींना नवे ज्ञान देणे, हेच तर लसीकरण होय. आज देवीचा रोग पृथ्वीवर उरलेला नाही. १९८० मध्ये तसे जाहीर झाले. ज्या मूर्तीपुढे आपल्या पणज्या पोर वाचावे म्हणून नवस बोलत, त्याच मूर्तीपुढे आपण तो रोग गेला म्हणून हात जोडतो. श्रद्धेला त्यामुळे उणेपणा आला नाही. तेव्हा देहाच्या रक्षकाला शिकविणे हे कृत्य स्वरूपतः पाप नव्हे, एवढे तरी आम्हांस निश्चित वाटते.

परंतु त्याच इतिहासात एक बोच आहे. त्या आठ वर्षांच्या मुलाला आणि त्या तीन वर्षांच्या मुलीला कोणी विचारले होते? फळ चांगले निघाले म्हणून आपण तो प्रश्न विसरलो. फळ वाईट निघते तर? आमच्या मते अधिकाराचा प्रश्न येथे सुटतो. लेखणी हाती आहे म्हणून अधिकार येत नाही. ज्याच्या देहात ती लेखणी चालावयाची, त्याने, किंवा तो अजाण असेल तर त्याच्यावर जिवापाड माया करणाऱ्यांनी, सर्व धोका समजून घेऊन हो म्हटले असेल, आणि झालेला बदल त्याच्याच देहापुरता राहणार असेल, तर आणि तरच तो अधिकार येतो. लेस्टरच्या मुलीच्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी होत्या. तिला विचारले होते. आणि तिला दिलेल्या पेशींतील बदल तिच्या मुलाबाळांत उतरणारा नाही. तो त्या पेशींबरोबर जन्मला आणि त्या पेशींबरोबर संपला.

ह्याच्या उलट उदाहरण २०१८ चे आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमधील हे जियानकुई ह्या संशोधकाने जाहीर केले की, त्याने गर्भावस्थेच्या आरंभीच जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. त्याने जे जनुक बदलले तेही रक्षकपेशींशीच संबंधित होते. एड्‌सचा विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो ते दार बंद करण्याचा त्याचा हेतू होता. त्या मुलींचे वडील ह्या विषाणूने बाधित होते. ऐकताना हेतू दयेचा वाटतो. पण त्या मुली आजारी नव्हत्या. बापाकडून बाधा होऊ नये म्हणून दुसरा सुरक्षित आणि प्रचलित उपाय वैद्यकात आधीपासून होता. जो बदल घडला तो निसर्गात काही लोकांत आढळणाऱ्या बदलासारखाही नेमका उतरला नाही. आणि हा बदल त्या मुलींच्या सर्वांगात गेला असल्यामुळे पुढे त्यांच्या संततीतही जाऊ शकतो. जे जन्मलेच नव्हते त्यांना विचारणार कोण? २०१९ च्या अखेरीस चीनच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

कोणी म्हणेल की, पुढे हे साधन निर्दोष झाले, आणि पिढीजात दुर्धर रोग गर्भातच नाहीसा करता आला, तर जन्मणारे मूल हो म्हणणार नाही काय? कदाचित म्हणेलही. हा विचार आम्ही उडवून लावीत नाही, कारण अशा रोगाने एकामागून एक मुले गमावलेली घरे आहेत. परंतु 'तो हो म्हणेल' हे आपण त्याच्या वतीने म्हणत असतो, आणि आज आजार दूर करण्यासाठी म्हटलेले हो उद्या रंग, उंची आणि बुद्धी ह्यांसाठी म्हटले जाणार नाही ह्याची हमी कोण देणार? रुग्णावर केलेला बदल चुकला तर एका जीवाची हानी होते, आणि तीही पुरेशी भयंकर आहे. वंशात घातलेली चूक ज्याला भोगावी लागेल त्याचे नावही आपणास ठाऊक नसते. रक्षकपेशीला लगाम हवा, तसा लेखणी धरणाऱ्या हातालाही हवा. सध्याच्या ज्ञानावर तो लगाम जन्मलेल्या आणि न जन्मलेल्याच्या सीमेवर असावा, असे आमचे मत आहे.

आता त्या दगावलेल्या मुलाविषयी. त्याचे आईवडील विचारतील की, संमती होती, बदल त्याच्यापुरता होता, तरी आमचे मूल गेलेच. मग तुमच्या नीतीचा आम्हांस काय उपयोग? ह्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही, आणि कोणापाशी असेल असे वाटत नाही. एवढेच म्हणता येते की, त्याचे मरण झाकून ठेवले गेले नाही. पॅरिसमध्ये २००० च्या सुमारास जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांना जनुक देऊन बरे करण्यात आले होते. पुढे २००२ मध्ये त्यांतील काही मुलांना रक्ताचा कर्करोग होऊ लागल्याचे दिसताच डॉक्टरांनी ते स्वतः जगापुढे मांडले आणि प्रयोग थांबविला. नवे जनुक भलत्या जागी जाऊन बसल्यामुळे हे झाले असे कळले, आणि त्या ज्ञानावर पुढची साधने अधिक सुरक्षित झाली. यश छापावे आणि अपयश गाडावे, असे त्यांनी केले असते तर ती मुले दोनदा मेली असती. म्हणून संमती आणि मर्यादा ह्यांच्या जोडीला उघड हिशेब ही तिसरी अट आम्ही घालतो.

एक गोष्ट आपल्या जवळची. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल ह्यांच्या सहकार्याने रुग्णाच्याच 'टी' पेशींना नवे शस्त्र देणारा एक उपचार आपल्याकडे तयार झाला. त्यात मूळची अक्षरे बदलीत नाहीत, नवे जनुक तेवढे जोडतात. तरी जात तीच. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यास सरकारी मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू ह्यांच्या हस्ते तो देशास अर्पण झाला. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराची किंमत २०१७ मध्ये ४,७५,००० डॉलर होती. आपल्याकडे तो सुमारे ३० ते ४० लाख रुपयांत होऊ लागला. दहापटीने स्वस्त खरा. पण आपल्यापैकी किती घरांत चाळीस लाख निघतील? संमती विचारावी तर आधी उपचार दारापर्यंत यावा लागतो. ज्याला परवडत नाही त्याच्यापुढे कसला होकार आणि कसला नकार? ही उणीव शास्त्रज्ञांची नव्हे, समाजाची आहे, आणि समाजात आपण आलो.

ह्यात आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट अशी की, ज्या घरात मुलाला असा आजार झाला आहे तेथे भेटीस गेल्यावर पूर्वसंचिताची भाषा बोलू नये. आधीच खचलेल्या आईला तिच्या कोणत्या पापाचे हे फळ, असे सुचविणारा मनुष्य देवाचे नाव घेत असला तरी क्रूरपणाच करतो. आमचे वडील पौरोहित्य करतात, अनुष्ठान बसवू की इस्पितळात नेऊ, असे विचारीत कोणी आले की ते म्हणतात, "मुलाला आधी डॉक्टरांकडे न्या, अनुष्ठानाला मी येथे आहेच." दुसरी गोष्ट दानाची. लेस्टरच्या त्या मुलीला वाचविणाऱ्या पेशी एका अनोळखी माणसाच्या होत्या. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना वारंवार रक्त लागते, आणि अनेकांना जुळणारा अस्थिमज्जेचा दाता हवा असतो. दात्यांच्या नोंदवहीत नाव घालण्यास गालाच्या आतील बाजूचा नमुना देणे एवढेच पुरते. आपल्या उत्सवात शेकडो तरुण जमतात. त्या दिवशी रक्तदानाबरोबर ही नोंदणीही करता येईल.

त्या वृद्ध गृहस्थांस आमचे उत्तर असे आहे. काका, लेख आपण लिहिला नाही हे खरे. पण ज्या मुलाचा तो लेख आहे, ते आपल्या दारी येऊन रडत असेल आणि आपल्या हाती ती लेखणी असेल, तर त्याला नीट विचारून, त्याच्यापुरतेच, हिशेब उघडा ठेवून ते अक्षर बदलावे. आणि जे बाळ अजून जन्मले नाही, त्याच्या पूजेपाशी ठेवलेला कागद आपण कोराच ठेवावा. आमचे काही चुकले असेल तर वडील मंडळींनी पुढच्या अंकी अवश्य कळवावे.